टपाल खात्याच्या बचत योजना : निवृत्ती, मोबदला आणि वारसाच्या कसोटीवर

ग्रामीण विदर्भात एखाद्या घरात एकदम मोठी रक्कम येते, ती बहुधा चारच वाटांनी. नोकरदार माणूस निवृत्त होतो, वावर रस्त्यात किंवा धरणात जाऊन मोबदला मिळतो, कर्ता माणूस गेल्यावर विम्याचे किंवा सानुग्रह मदतीचे पैसे जमा होतात, नाहीतर वाटण्या झाल्यावर एखाद्या भावाचा हिस्सा विकला जातो. या चारही वेळी घराची घडी आधीच विस्कटलेली असते आणि नेमक्या त्याच काळात आयुष्यभराचा आर्थिक निर्णय घ्यावा लागतो. या परीक्षणात टपाल खात्याच्या बचत योजना मी याच प्रसंगांच्या दृष्टीने तपासल्या आहेत, कारण नुसत्या व्याजदरांची तुलना करणारे तक्ते कोठेही मिळतात. माझे मत आधीच सांगतो. हाती आलेल्या ठोक रकमेतून दरमहा किंवा दर तिमाहीला उत्पन्न सुरू करायचे असेल, तर गावात याहून चांगली सोय नाही. मात्र वर्षातून एकदा पैसा पाहणाऱ्या कास्तकाराच्या गरजेशी यातल्या बऱ्याच योजनांचा मेळ बसत नाही.

विश्वासाचा मुद्दा आधी घेतो, कारण आमच्या भागात तो व्याजापेक्षा मोठा आहे. टपाल बचत बँक १८८२ पासून सुरू आहे आणि तिच्यातील ठेवींची हमी थेट केंद्र सरकारची आहे. बँकेतील ठेवीला विमा संरक्षण असते ते व्याजासह पाच लाखांपर्यंत, आणि पतसंस्थेतील ठेवीला तेही नसते. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा येथील जिल्हा मध्यवर्ती बँका मागच्या दशकात परवान्याच्या प्रश्नावरून अडचणीत आल्या, तेव्हा या तीन जिल्ह्यांतील अनेक शेतकऱ्यांना आणि शिक्षकांना स्वतःचेच पैसे मागण्यासाठी फेऱ्या घालाव्या लागल्या. ज्यांनी तो काळ पाहिला आहे, त्यांना अर्ध्या टक्क्याच्या फरकासाठी ठेव इकडून तिकडे हलवा असे सांगण्यात अर्थ नाही, आणि मी तसे सांगणारही नाही.

निवृत्तीपासून सुरुवात करू. जिल्हा परिषदेचा शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), रजा रोखीकरण आणि अंशराशीकरण (निवृत्तिवेतनाचा काही भाग एकरकमी घेणे) असे पैसे पुढच्या काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने येतात, आणि ते यायच्या आधीच त्यांना वाटा फुटलेल्या असतात : मुलाला कृषी केंद्र टाकायचे असते, जावयाने अमरावतीला किंवा नागपूरला नव्या लेआउटमध्ये प्लॉट पाहून ठेवलेला असतो, पुतण्याला मालवाहू गाडी घ्यायची असते. अशा वेळी ज्येष्ठ नागरिक बचत योजना फार उपयोगी पडते. तिचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर वारंवार कमी केला आणि बँकांच्या ठेवींचे दर खाली आले, तरी त्या वर्षभर या योजनेचा दर कायम राहिला. खाते उघडताना जो दर असतो तोच पुढची पाच वर्षे मिळतो. कमाल मर्यादा ३० लाखांची आहे. २० लाख ठेवले, तर दर तिमाहीला ४१ हजार रुपये बचत खात्यात जमा होतात.

या योजनेतील एका अटीकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. योजना मुळात ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यांना तिचा लाभ घेता येतो, पण निवृत्तीचे लाभ हाती पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खाते उघडले तरच, आणि मिळालेल्या लाभांच्या रकमेपर्यंतच. ही मुदत पूर्वी एकच महिन्याची होती, ती नोव्हेंबर २०२३ मध्ये वाढवण्यात आली. म्हणजे ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्या गुरुजींनी ‘दिवाळी होऊ द्या, मग पाहू’ असे म्हणत चार महिने घालवले, तर त्यांना थेट साठी पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. निवृत्तीची तारीख, मिळालेले लाभ आणि त्यांच्या रकमा नमूद केलेला कार्यालयाचा दाखला अर्जासोबत लागतो. तो पंचायत समितीतून लवकर निघत नाही, हे आपल्याकडे कोणालाही वेगळे सांगावे लागणार नाही. म्हणून त्यासाठीचा अर्ज निवृत्तीच्या निरोप समारंभाआधीच दिलेला बरा.

मुदतीआधी खाते बंद करण्यावर जो दंड आहे, तो मी या योजनेचा दोष मानत नाही. पहिल्या वर्षाच्या आत खाते मोडले, तर दिलेले व्याज मुद्दलातून कापून घेतले जाते. दुसऱ्या वर्षात दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का मुद्दलातून जातो. घरात वीस लाख आहेत हे ज्या गावात सर्वांना ठाऊक असते, तेथे ‘मोडले तर तीस हजार जातील, बापू’ हे उत्तर नातेवाइकाला तोंडावर दिलेल्या नकारापेक्षा पुष्कळ सोपे असते. उत्तर देणारा वाईट ठरत नाही आणि मागणाऱ्याचाही मान राहतो.

जमिनीच्या मोबदल्याची गोष्ट यापेक्षा अवघड आहे. समृद्धी महामार्ग नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून गेला, तेव्हा ज्या घरांनी एकरकमी एवढा पैसा कधी पाहिलेला नव्हता, त्यांच्या खात्यात तो एका दिवसात आला. त्यातून काहींनी दुसरीकडे शेती घेतली आणि ते सावरले; काहींच्या दारात गाडी आली, घरावर दुसरा मजला चढला आणि वावर गेल्यावर चूल कशावर पेटणार हा प्रश्न तसाच राहिला. साठीच्या आतल्या अशा शेतकऱ्याला ज्येष्ठांची योजना मिळत नाही. त्याच्यासाठी मासिक उत्पन्न योजना आहे : दर ७.४ टक्के, एका नावावर नऊ लाख आणि संयुक्त खात्यात १५ लाख ही मर्यादा, मुदत पाच वर्षे. नवरा-बायकोने मिळून १५ लाख ठेवले, तर दरमहा ९ हजार २५० रुपये येतात. किराणा, मुलांची फी आणि दवाखाना एवढे भागवणारी ही रक्कम आहे आणि ती पावसावर अवलंबून नाही.

पण येथे टीकाही केली पाहिजे. पाच वर्षांनंतरही ते ९ हजार २५० रुपये तेवढेच राहतात आणि मुद्दल एका रुपयानेही वाढत नाही. शेतीचा भाव वाढतो, खताचा भाव वाढतो, हा आकडा मात्र हलत नाही. ज्याची जमीन कायमची गेली आहे त्याने सगळे व्याज खाऊन टाकले, तर दहा वर्षांनी त्याचे उत्पन्न कागदावर तेच आणि बाजारात निम्म्याकडे झुकलेले असेल. यावर टपाल खात्यातच एक उपाय आहे आणि तो काउंटरवर सहसा आपण होऊन सांगितला जात नाही : मासिक व्याज बचत खात्यात जमा झाल्यावर त्यातील ठरावीक रक्कम आवर्ती ठेवीत (आरडी) वळवण्याची स्थायी सूचना देता येते. दरमहा दोन हजार रुपये ६.७ टक्के दराच्या आवर्ती ठेवीत गेले, तर पाच वर्षांनी सुमारे १ लाख ४२ हजार ७०० रुपये हाती येतात आणि ते पुन्हा मुद्दलात घालता येतात. न उचललेल्या मासिक व्याजावर योजनेत वेगळे व्याज मिळत नाही, म्हणून ही जोडणी करून घेण्यावर माझा विशेष भर आहे.

आता मृत्यूनंतरच्या व्यवहाराकडे वळतो. येथे योजना चांगल्या असूनही माणसे अडकतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच असते : वारसाचा रकाना. आमच्या गावातील शाखा डाकघर हे एका घराच्या ओसरीवरचे टेबल आहे. त्यावर शाईचा पॅड, तारखेचा लोखंडी शिक्का, हातात मावणारे यंत्र आणि रबराने बांधलेल्या पासबुकांचा गठ्ठा असतो. तेथे एका बाईचे खाते उघडले जात असताना मी बाजूला उभा होतो. पोष्टमास्तरांनी अर्जावरचे पेन थांबवून विचारले, ‘काकू, वारसात कोणाचं नाव टाकू?’ बाईंनी क्षणभरही विचार न करता सांगितले, ‘दोघायचंबी टाक. पोराचं अन् पोरीचं.’ मग हिस्सा किती, असा प्रश्न आला आणि दोन्ही नावांपुढे पन्नास-पन्नास टक्के लिहिले गेले. वावराच्या बाबतीत बहिणीकडून हक्कसोडपत्र घेण्याची रीत जेथे अजून चालू आहे, तेथे हा आकडा लिहिला जाताना पाहून मला बरे वाटले, हे नमूद करतो. एका खात्यावर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. सर्वसाधारण तत्त्व असे, की नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते आणि ते कोणाच्या मालकीचे हे वारसा कायद्याने ठरते. पण पैसा कार्यालयातून बाहेर पडतो तो या रकान्यामुळेच.

रकाना भरलेला असेल, तर मृत्यूचा दाखला, पासबुक, दाव्याचा अर्ज आणि नामनिर्देशित व्यक्तीची ओळखपत्रे एवढ्यावर काम होते. रकाना रिकामा असेल आणि रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर मृत्यूनंतर सहा महिने थांबून प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि इतर वारसांच्या संमतीवर दावा मंजूर होऊ शकतो. त्याहून मोठ्या रकमेसाठी न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र लागते, म्हणजे वकील, तारखा आणि तालुक्याच्या खेपा. ज्येष्ठांच्या योजनेत आणखी एक बारकावा आहे. खातेदार गेल्याच्या तारखेपासून त्या ठेवीवर ८.२ टक्क्यांऐवजी बचत खात्याच्या चार टक्के दराने व्याज मिळते; जोडीदार संयुक्त खातेदार किंवा एकमेव नामनिर्देशित असेल आणि योजनेच्या पात्रतेत बसत असेल, तर मात्र तो खाते त्याच अटींवर पुढे चालवू शकतो. म्हणून अशा ठेवीत तेरावे आटोपले की कार्यालयाला कळवणे हाही घरातील मोठ्या माणसाने लक्षात ठेवायच्या कामांपैकी एक समजावे.

नावांचा घोळ हा दुसरा अडथळा आहे आणि तो प्रामुख्याने बायकांच्या वाट्याला येतो. पासबुकावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, रेशनकार्डावर हाकेचे, आणि मृत्यूच्या दाखल्यावर ग्रामसेवकाने लिहिलेले चौथेच. एकाच स्त्रीची ही चार नावे एकाच व्यक्तीची आहेत हे सिद्ध करण्याचे काम दुःखाच्या दिवसांत करावे लागते. लग्न झाल्यावर मुलीचे नाव ज्या ज्या पासबुकात वारस म्हणून आहे, तेथे ते त्याच वर्षी दुरुस्त करून घेतले पाहिजे. त्याच बैठकीत आईवडिलांच्या जुन्या पासबुकांतील वारसही तपासावेत, कारण त्यांपैकी काही वारस खातेदाराच्या आधीच निवर्तलेले आढळतात.

आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला राज्य शासनाकडून मिळणाऱ्या एक लाखाच्या मदतीपैकी ३० हजार रुपये लगेच आणि ७० हजार रुपये टपाल किंवा बँकेतील मासिक प्राप्ती योजनेत, अशी पद्धत वर्षानुवर्षे राहिली आहे. सगळा पैसा सावकाराकडे जाऊ नये हा हेतू योग्यच म्हणावा लागेल. पण ७० हजारांवर ७.४ टक्क्यांनी महिन्याला येतात सुमारे ४३० रुपये. योजना सांगितलेले काम चोख करते; त्या घराचे मात्र यात काही भागत नाही, आणि हे अपयश टपाल खात्याच्या माथी मारता येणार नाही.

जीवनज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत आणि सुरक्षा विमा २० रुपयांत, दोन्ही दोन लाखांचे संरक्षण देणारे, टपालाच्या बचत खात्यातूनही घेता येतात. त्यांचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि हप्ता मेअखेरीस आपोआप कापला जातो. मेअखेर म्हणजे बियाण्याची जुळवाजुळव चाललेली, आणि खाते वर्षभरात सर्वांत कोरडे. हप्त्यापुरते पैसे खात्यात नसल्याने संरक्षण गळून पडते आणि घरच्यांना त्याचा पत्ता लागतो तो गरज पडल्यावरच. कापसाचे चुकारे (विकलेल्या मालाचे पैसे) झाल्यावर पाचशे रुपये या कामासाठी बाजूला ठेवून त्यांना हात न लावणे एवढाच यावर इलाज आहे.

शेतीच्या वर्षचक्राशी न जुळण्याचा मुद्दा येथेच येतो. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला येतो, कापसाचा नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, आणि खर्च मृगाच्या तोंडावर. जानेवारीत आलेले दोन लाख जूनपर्यंत कोठे ठेवावेत याचे समाधानकारक उत्तर टपाल खात्याकडे नाही : मुदत ठेव सहा महिन्यांच्या आत मोडता येत नाही आणि बचत खात्यावर चारच टक्के मिळतात. ज्येष्ठांच्या योजनेचे व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला जमा होते. जुलैचा हप्ता पेरणी झाल्यावर पोहोचतो. आवर्ती ठेवीला दरमहा भरणा लागतो, जो कास्तकाराला जमत नाही. मात्र हप्ते आगाऊ भरण्याची मुभा आहे आणि बारा हप्ते एकदम भरले, तर शंभर रुपयांच्या हप्त्यामागे ४० रुपये सूटही मिळते. चुकारे हाती आले की वर्षाची आवर्ती ठेव एकाच खेपेत भरून मोकळे होणे हा शेतकऱ्याला साजेसा मार्ग आहे.

सुकन्या समृद्धी योजना या बाबतीत सर्वांत जुळवून घेणारी आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत दहा वर्षांखालील मुलीच्या नावे खाते उघडते. वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये, केव्हाही आणि कितीही खेपांत भरता येतात. भरणा १५ वर्षे, मुदत २१ वर्षे. जानेवारी २०२४ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला. तो पुढेही टिकला, तर वर्षाला १२ हजार भरणाऱ्याला शेवटी सुमारे पावणेसहा लाख मिळतात, पण येथे दर दर तिमाहीला बदलू शकतो, हे विसरू नये. मुलगी अठराची झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते, आणि लग्नासाठी खाते बंद करायचे तर लग्नाआधी एक महिन्यापासून लग्नानंतर तीन महिन्यांपर्यंतच. म्हणजे सोयरीक जुळली, साखरपुडा झाला, तरी मंगल कार्यालयाच्या इसाऱ्यासाठी हा पैसा हाती येत नाही. माझ्या मते हा पैसा लग्नात न जाता पदवीपर्यंत पुरावा हेच बरे, त्यामुळे या गैरसोयीबद्दल माझी तक्रार नाही.

किसान विकास पत्र ११५ महिन्यांत दुप्पट होते आणि राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र पाच वर्षांचे, ७.७ टक्क्यांचे आहे. आयुष्याच्या वळणावर नियमित उत्पन्न हवे असणाऱ्याला दोन्हींचा फारसा उपयोग नाही. मात्र २०१६ पूर्वीची कागदी प्रमाणपत्रे अनेक घरांच्या पेट्यांत अजून पडून आहेत. मुदत संपून तीन वर्षे उलटलेली खाती गोठवण्याची मोहीम टपाल खात्याने २०२५ पासून हाती घेतली आहे, तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या पेट्या उघडून पाहिलेल्या बऱ्या.

सेवेबद्दल सांगायचे, तर जुलै २०२० पासून या सर्व योजना शाखा डाकघरातही उपलब्ध करून देण्यात आल्या आहेत. मोठ्या रकमेचे खाते तेथे उघडण्याचा अर्ज दिला, तरी मंजुरी आणि पासबुक तालुक्याच्या उपडाकघरातून येते, त्यामुळे मधले दिवस धरून चालावे लागते. हाती धनादेश असेल, तर थेट तालुक्याला जाणे सोयीचे. आधार, पॅन, छायाचित्रे आणि बचत खात्याचे पासबुक सोबत न्यावे, कारण २०२२ पासून मासिक आणि तिमाही व्याज रोख दिले जात नाही, ते खात्यातच जमा होते.

आवर्ती ठेवीचे पैसे गोळा करणाऱ्या महिला प्रतिनिधी अनेक गावांत आहेत आणि ज्या घरातून बाईमाणसाला तालुक्याला जाणे होत नाही, तेथे त्यांचा मोठा आधार आहे. त्यांचे कमिशन सरकार देते; ठेवीदाराने वेगळे काही देणे लागत नाही. पैसे दिल्यावर त्यांच्याकडून कार्डावर सही घ्यावी आणि पासबुक कोणाकडेही ठेवायला न देता घरातच ठेवून त्यातील नोंदी अधूनमधून काउंटरवर तपासून घ्याव्यात.